देपर्दुसाँ: जेमतेम तीन-चार वर्षांचा विमान कारखाना आणि ताशी दोनशे किलोमीटर

दूरवारा (धागाकर्ता)

२९ सप्टेंबर १९१३. फ्रान्समधल्या राँस शहराबाहेरचा बेथेनीचा माळ. गॉर्डन बेनेट या विमानांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीचं दोनशे किलोमीटरचं अंतर मोरीस प्रेव्हो या वैमानिकाने तासाभराच्या आत, ५९ मिनिटं ४५ सेकंदांत कापलं. त्याच दिवशी त्याच्या नावावर ताशी २०३.८५ किलोमीटरचा जागतिक विक्रमही लागला. माणूस विमानातून ताशी दोनशेच्या पुढे गेला तो तेव्हा.

विमान होतं देपर्दुसाँ कंपनीचं. आणि कंपनीचा मालक आर्मां देपर्दुसाँ त्या दिवशी तुरुंगात होता. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात त्याला अफरातफरीच्या गुन्ह्याखाली अटक झाली होती.

या कंपनीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. विमानांच्या इतिहासात राइट बंधू येतात, ब्लेरिओ येतो, मग एकदम महायुद्ध सुरू होतं. मधल्या चार-पाच वर्षांत किती कारखाने उभे राहिले आणि बुडाले, त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. देपर्दुसाँचं नाव निघालंच तर घोटाळ्यासाठी नाहीतर पुढे महायुद्धात गाजलेल्या 'स्पॅड' लढाऊ विमानांची प्रस्तावना म्हणून. मला वाटतं या कारखान्याने जे केलं ते स्वतंत्रपणे सांगण्याच्या लायकीचं आहे, म्हणून हा धागा.

देपर्दुसाँ स्वतः इंजिनिअर नव्हता. रेशमाचा दलाल होता आणि त्यातच त्याने पैसा कमावला. ऑगस्ट १९०९ मध्ये याच बेथेनीच्या माळावर जगातला पहिला मोठा विमान मेळावा भरला आणि फ्रान्सला विमानांचं वेड लागलं. देपर्दुसाँ त्यातलाच एक. मात्र त्याने एक गोष्ट अचूक केली: तांत्रिक बाजू पूर्णपणे लुई बेशरो या तरुण इंजिनिअरच्या हाती सोपवली. बेशरोचा जन्म १८८० चा, म्हणजे तेव्हा तो तिशीच्या आसपास होता. पॅरिसच्या ग्रेनेल भागात कारखाना आणि राँसला उड्डाणाचं मैदान, अशी मांडणी झाली.

पहिली विमानं एकपंखी, हलकी, अगदी सडपातळ होती. आजच्यासारखे पंखाच्या कडेचे हलते फाळके त्यांना नव्हते; तारा ओढून अख्खा पंखच पिळायचा आणि विमान कलतं करायचं. १९११ च्या अखेरीस फ्रेंच लष्कराने राँसला विमानांची स्पर्धा घेतली, त्यात निउपोर पहिलं, ब्रेगे दुसरं आणि देपर्दुसाँ तिसरं आलं. वर्ष-दीड वर्षाच्या कंपनीला हे थोडं नाही.

आता वेगाचा हिशेब बघा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. गॉर्डन बेनेट शर्यत १९०९ मध्ये अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने ताशी साधारण ७५ किलोमीटरने जिंकली. १९१० मध्ये विजेता शंभरच्या अलीकडे होता, १९११ मध्ये १२५ वर. १९१२ आणि १९१३ या दोन्ही शर्यती देपर्दुसाँच्या: आधी १७० च्या घरात, मग थेट २००. चार वर्षांत वेग पावणेतीनपट झाला आणि शेवटच्या दोन उड्या एकाच कारखान्याच्या आहेत.

१९१२ मध्ये हे काम केलं झ्यूल वेद्रिनने. हा माणूस मूळचा मेकॅनिक, तोंडाने फटकळ, पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या कामगार वस्तीतला. फेब्रुवारी १९१२ मध्ये पो इथे देपर्दुसाँच्या विमानातून तो ताशी १६१ च्या पुढे गेला, म्हणजे ताशी शंभर मैलांची हद्द पहिल्यांदा ओलांडली गेली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला अमेरिकेत शिकागोजवळ गॉर्डन बेनेट झाली. तिथे अमेरिकेचं एकही विमान उडालं नाही. वेद्रिन पहिला, प्रेव्हो दुसरा, दोघंही देपर्दुसाँवर.

शिकागोला जे विमान गेलं त्याला 'मोनोकोक' म्हणतात. तोवरच्या विमानांचं धड म्हणजे लाकडी काठ्यांची चौकट, आतून ताणलेल्या तारा आणि वरून कापड. बेशरोने चौकटच काढून टाकली. ट्यूलिपवुडच्या पातळ पापुद्र्यांचे तीन थर एकमेकांना आडवे-तिरपे चिकटवून त्याने पोकळ, निमुळतं धड बनवलं. नारळाच्या करवंटीसारखं: आत आधार नाही, कवचच सगळा भार घेतं. जाडी जेमतेम चार मिलिमीटरच्या आसपास. पुढे चौदा सिलिंडरचं नोम इंजिन, त्याभोवती गोल पत्र्याचं आवरण, पंख्याच्या मध्यभागी मोठी गोलाकार टोपी. टोपी आणि आवरणाच्या मधल्या फटीतून इंजिनाला वारा मिळायचा. १९१३ च्या विमानाच्या पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत सात मीटरहून कमी होती. ज्या काळात बहुतेक विमानं पतंगाच्या सांगाड्यासारखी दिसत होती, त्या काळात हे विमान १९३० च्या दशकातलं वाटतं. फोटो मिळाला तर जरूर बघा.

घोटाळ्याबद्दल आणि पुढच्या स्पॅडबद्दल प्रतिसादांत बोलू. इथे जाणकार बरेच आहेत.

---

ठाणेकरीण

फार छान लिहिलं आहे. एकदम १९१३ मध्ये नेलंत. एक शंका आहे. मालक तुरुंगात गेल्यावर कारखाना बंद कसा पडला नाही? शर्यतीला विमानं पाठवायला पैसे कुणी दिले?

---

सुतारपक्षी

मी साचेकाम आणि व्हिनियरचं काम करतो, त्यामुळे त्या धडावर नजर अडकली. बाकी इतिहास तुम्ही सांगा, हे कसं केलं असेल ते मी सांगतो.

सपाट प्लायवूड दाबयंत्रात घातलं की तयार होतं. दोन दिशांनी वळणारा पृष्ठभाग ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. कागदाचा ताव चेंडूवर गुंडाळून बघा, चुण्या पडतातच. म्हणून अख्खा ताव वापरता येत नाही, अरुंद पट्ट्या कापाव्या लागतात आणि प्रत्येक पट्टीची कड रंध्याने थोडी निमुळती करावी लागते. तेव्हा शेजारची पट्टी फट न ठेवता बसते. पहिला थर साच्यावर बारीक चुकांनी ठोकायचा, त्यावर सरस लावून दुसरा थर पहिल्याच्या रेषांना आडवा, मग तिसरा. सरस गरम असतानाच काम उरकायचं. थंड झाला की धरत नाही, आणि मधे हवा राहिली की तिथे पोट येतं. बोटाने टिचकी मारली की पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. ही परीक्षा आम्ही आजही करतो.

साचा एक की दोन? मला वाटतं धड दोन अर्ध्या भागांत केलं असणार, नाहीतर वाळल्यावर साच्यावरून निघणारच नाही.

---

दूरवारा

सुतारपक्षी, बरोबर. दोन अर्धी कवचं वेगवेगळी करायचे. साच्यावरून काढल्यावर आत जिथे इंजिन, पंख आणि चाकांचा सांगाडा जोडायचा तिथे मजबुती द्यायचे, मग दोन्ही भाग जोडायचे. कवचाला आतून आणि बाहेरून कापड चिकटवून वर व्हार्निशचे हात. बाहेरून हात फिरवला तर जोड लागू नये इतकं ते गुळगुळीत असायचं. वेगाचं निम्मं गुपित या गुळगुळीतपणात होतं.

कल्पना मात्र मूळची बेशरोची नाही, हे सांगायलाच हवं. युजीन रुशोने नावाचा स्विस माणूस, आधी आंत्वानेत कंपनीत काम केलेला, त्याने असं कवचाचं धड बेशरोच्या आधी बनवलं होतं. १९१२ च्या सुरुवातीलाच विमान अपघातात तो गेला. बेशरोने ती कल्पना उचलली, कारखान्यात बसवली आणि जगातल्या सगळ्यात वेगवान विमानाचं धड त्यातून काढलं. रुशोनेचं नाव आज जवळजवळ कुणी घेत नाही, म्हणून इथे आवर्जून लिहितो.

ठाणेकरीण, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घोटाळ्याच्या गोष्टीत आहे, थोडं सविस्तर लिहितो.

देपर्दुसाँचा रेशमाचा धंदा चालूच होता. त्या धंद्याच्या नावावर त्याने 'कोंत्वार अँदुस्त्रिएल ए कोलोनियाल' या बँकेकडून कर्जावर कर्ज उचललं. तारण काय, तर रेशमाचा साठा. तो साठा कागदोपत्रीच होता, पावत्या खोट्या. पकडला गेला तेव्हा आकडा जवळजवळ तीन कोटी फ्रँकवर गेला होता. ऑगस्ट १९१३ मध्ये अटक झाली. खटला उभा राहून निकाल लागायला १९१७ उजाडलं, म्हणजे अर्धं महायुद्ध मधे होऊन गेलं. पाच वर्षांची शिक्षा झाली, पण पहिलाच गुन्हा म्हणून ती स्थगित ठेवून त्याला सोडलं. १९२४ मध्ये त्याने आत्महत्या केली.

अटकेनंतर कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थेत गेली, पण तयार विमानं, कारागीर, वैमानिक आणि बेशरो जागेवरच होते. सप्टेंबरच्या शर्यतीची तयारी आधीच झालेली होती. राँसला उतरले ते हे लोक.

---

हिशेबनीस

माझी सगळी नोकरी बँकेत कर्ज विभागात गेली, म्हणून या बाजूने थोडं लिहितो.

मालतारण कर्ज हा प्रकार आजही तसाच आहे. व्यापारी माल गोदामात ठेवतो, गोदामाची पावती बँकेकडे येते, त्यावर उचल मिळते. सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो: गोदामात जाऊन गाठोडी मोजणारा माणूस प्रामाणिक हवा आणि त्याने खरंच जायला हवं. ओळखीचा, मोठा, वर्तमानपत्रात नाव येणारा कर्जदार असला की मोजणी कागदावरच होते. शर्यती जिंकणाऱ्या माणसाच्या गोदामाचं कुलूप उघडायला कोण सांगणार? त्याची प्रसिद्धी हेच बँकेच्या डोळ्यांवरचं झापड झालं असणार, असं मला अनुभवावरून वाटतं. जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडत राहायचं, व्याज वाढत जातं, आणि एक हप्ता चुकला की सगळं उघडं पडतं.

लेख उत्तम आहे, पण एका गोष्टीशी मी सहमत नाही. 'घोटाळा बाजूला ठेवून कारखान्याचं काम बघा' असा सूर मला लेखात दिसतो. दूरवारा, तो कारखाना, ते साचे, ते चौदा सिलिंडरचं इंजिन, शिकागोचा प्रवास, हे सगळं त्या खोट्या पावत्यांवर झालं. बँकेचा पैसा म्हणजे शेवटी कुणाच्या तरी ठेवी. प्रेव्होच्या त्या तासाभराची किंमत ज्यांनी दिली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग विक्रम वेगळा आणि घोटाळा वेगळा कसा करायचा?

---

जुनी_वही

हिशेबनीस यांच्याशी सहमत. बुडालेल्या बँकेच्या दारात उभं राहिलेल्या लोकांना विक्रमाचं काय?

---

गॅसकेट

विमानांच्या देखभालीत काम करतो. इंजिनाबद्दल थोडी भर घालतो, कारण ते समजल्याशिवाय त्या वैमानिकांची तारीफ पूर्ण होत नाही.

नोम हे रोटरी इंजिन. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि शाफ्ट फिरतो. इथे उलटं: शाफ्ट विमानाला पक्का बोल्ट केलेला, आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरतात. स्वतःच फिरत असल्यामुळे वाऱ्याने गार राहतात, पाण्याची टाकी नको, रेडिएटर नको, वजन कमी. १९१२-१३ मध्ये इतक्या कमी वजनात इतकी ताकद दुसऱ्या कुठल्या इंजिनात मिळत नव्हती. राँसच्या विमानावर सात-सात सिलिंडरच्या दोन ओळी होत्या, ताकद १६० अश्वशक्ती.

पण त्याचे भोगही होते. वंगणाला एरंडेल तेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. ते तेल परत टाकीत येत नाही, जळून आणि उडून बाहेर जातं, थेट वैमानिकाच्या तोंडावर. शिवाय वेग कमी-जास्त करायला आजच्यासारखा थ्रॉटल नाही. उतरताना बटण दाबून ठिणगी तोडायची, सोडली की इंजिन परत धडधडतं, पुन्हा तोडायची. एवढं जड फिरतं चाक नाकावर असल्यामुळे विमान एका बाजूला सहज वळतं, दुसऱ्या बाजूला अडतं. आणि छोट्या पंखांमुळे उतरतानाचा वेग फार. ब्रेक नाहीत. गवताच्या माळावर हे उतरवणं म्हणजे प्रत्येक वेळी परीक्षा होती.

अजून एक, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही रुचेल असं: देपर्दुसाँच्या विमानांतलं नियंत्रण. वैमानिकाच्या मांड्यांवरून उलट्या यू आकाराची लाकडी कमान, तिच्यावर मधोमध गोल चाक. कमान पुढे-मागे केली की नाक खाली-वर, चाक फिरवलं की कलणं, आणि पायाच्या दांडीने सुकाणू. आज प्रवासी विमानात वैमानिकासमोर जे चाक दिसतं त्याचं घराणं इथून सुरू होतं असं म्हटलं तरी चालेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत या पद्धतीला 'डेप कंट्रोल' म्हणत. कंपनी गेली तरी नावाचा तुकडा राहिला.

---

दूरवारा

गॅसकेट, फार छान माहिती. चाकाबद्दल मी लिहायलाच हवं होतं असं वाटत होतं, तेवढ्यात तुमचा प्रतिसाद आला.

हिशेबनीस, तुमचा मुद्दा गंभीर आहे आणि मी तो टाळणार नाही. देपर्दुसाँला निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्याने चोरीच केली. ज्यांचे पैसे गेले त्यांचं नुकसान कुठल्याही चषकाने भरून येत नाही.

मी एवढंच म्हणतो की विक्रम देपर्दुसाँचा नव्हताच. तो बेशरोचा, प्रेव्होचा आणि साच्यावर पट्ट्या ठोकणाऱ्या त्या सुतारांचा होता. त्यांना पैसा कुठून येतो याची कल्पना असल्याचं खटल्यातून पुढे आलं नाही. मालक जाऊनही त्यांनी राँसला पहिला आणि तिसरा क्रमांक आणला, यावरूनच कारखाना कुणाचा होता ते कळतं. दुसरा आला तो एमिल वेद्रिन, झ्यूलचा भाऊ, पोनिएच्या विमानात, आणि तोही मिनिटभरानेच मागे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे आणि ती मला मान्य आहे. बेशरोला जी मोकळीक मिळाली ती सरळ हिशेबाच्या कंपनीत मिळाली नसती. मोनोकोकचं एक धड करायला साध्या धडापेक्षा कितीतरी जास्त मजुरी लागायची. लष्कराला अशी विमानं नको होती. त्यांना साधी, दुरुस्तीला सोपी दोन माणसांची विमानं हवी होती. म्हणजे ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही ती बनवायला पैसा लागत होता आणि तो पैसा पुरवणारा मालक खर्चाला नाही म्हणत नव्हता. कारण तो पैसा त्याचा नव्हता. हे कटू आहे, पण खरं आहे.

---

ठाणेकरीण

इतकी मोठी कंपनी होती तर इतर देशांतही विमानं गेली असतील ना? आणि श्नायडर चषकाशी यांचा काही संबंध होता का? ते नाव मी समुद्री विमानांच्या शर्यतीसाठी ऐकलं आहे.

---

दूरवारा

श्नायडर चषकाची पहिलीच शर्यत यांनी जिंकली! १६ एप्रिल १९१३, मोनॅको. देपर्दुसाँच्या विमानाला चाकांऐवजी तराफे लावले होते. समुद्रावर दहा किलोमीटरच्या अठ्ठावीस फेऱ्या. प्रेव्होने अंतर पूर्ण केलं, पण अंतिम रेषेच्या अलीकडेच पाण्यावर उतरला आणि विमान पाण्यावरून चालवत रेषेपलीकडे नेलं. नियम होता की रेषा उडत ओलांडायची. पंचांनी विजय नाकारला. त्याच्या पुढे असलेला दुसरा स्पर्धक वेमान निउपोरच्या विमानातून सहज जिंकेल असं दिसत होतं, म्हणून प्रेव्हो तसाच थांबून राहिला. वेमानच्या इंजिनाची तेलाची नळी तुटली आणि तो बाद झाला. तेव्हा प्रेव्होने पुन्हा उड्डाण केलं, रेषा हवेतून ओलांडली आणि जिंकला. जवळजवळ तासभर वाया गेल्यामुळे सरासरी वेग ताशी ७३ च्या आसपास नोंदला गेला. याच वैमानिकाने पाच महिन्यांनी त्याच कंपनीचं विमान दोनशेवर नेलं, हे आकडे शेजारी ठेवून बघा.

इंग्लंडमध्ये 'ब्रिटिश देपर्दुसाँ' म्हणून वेगळी कंपनी निघाली. त्यात जॉन सिरिल पोर्ट हा नौदलातला अधिकारी होता आणि डिझाइनला फ्रेडरिक कूलहोवन हा डच माणूस. १९१२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश लष्कराच्या स्पर्धेत फ्रेंच देपर्दुसाँ दुसरं आलं, पहिलं सॅम्युएल कोडीचं विमान. आणि लगेच सप्टेंबरच्या सुरुवातीला स्टीव्हनेजजवळ ग्रेव्हली इथे लष्कराचं एक देपर्दुसाँ कोसळून दोन अधिकारी गेले. चार दिवसांत ब्रिस्टलचंही एक एकपंखी विमान पडलं. लष्कराने एकपंखी विमानांवर बंदीच घातली. पुढे ती उठली, पण एकपंखी विमानंच विकणाऱ्या नव्या कंपनीला तो फटका मोठा होता, आणि १९१३ मध्ये पॅरिसची मूळ कंपनी बुडाल्यावर इंग्लंडचीही गेली.

पोर्टला क्षय होता, तरी तो खचला नाही. अमेरिकेत कर्टिसबरोबर अटलांटिक ओलांडायला 'अमेरिका' हे पाणविमान तयार केलं, युद्धामुळे तो बेत राहिला. मग फेलिक्सस्टो इथे त्याने जी पाणविमानं घडवली त्यांनी युद्धात उत्तर समुद्रावर पाणबुड्या शोधल्या. १९१९ मध्ये तो वारला. या माणसावर वेगळा धागा व्हायला हवा.

रशियात लेबेदेव्हच्या कारखान्यात परवान्यावर देपर्दुसाँ बनत होती. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या लष्करी विमान शाळेनेही दोन घेतली होती.

---

साताऱ्याचा_गडी

ऑस्ट्रेलियाचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण तिथून एक वाट आपल्या लोकांपर्यंत येते.

मेलबर्नजवळच्या पॉइंट कुक इथे ती शाळा होती. हेन्री पीटर हा मूळचा इंग्लिश वकील तिथे प्रशिक्षक होता. मार्च १९१४ मध्ये त्याने यातलंच एक देपर्दुसाँ पाडलं. तो त्या शाळेचा पहिला अपघात, पण पीटर वाचला. पुढच्या वर्षी हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेसाठी ऑस्ट्रेलियाकडे वैमानिक मागितले. जी छोटी तुकडी निघाली तिचा प्रमुख हाच पीटर. मे १९१५ अखेर ती बसऱ्याला पोहोचली.

तिथे लढत होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. आमच्या भागात कुतचं नाव अजून घराघरांत निघतं, कारण गावागावांतली माणसं तिथे होती. वेढ्यात धान्य होतं तर दळायला साधन नव्हतं, तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिल १९१६ मध्ये पीठ, साखर, मीठ टाकलं. पीटरच्या तुकडीतली माणसं तोवर ज्या ३० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये मिसळली होती, तीच हे काम करत होती. वेढ्यातल्या सैन्याला विमानाने शिधा पुरवण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न मानतात. पुरला नाही. २९ एप्रिलला कुत पडलं, आणि कैदेत जे हाल झाले त्यात फार माणसं गेली.

देपर्दुसाँने कुतला शिधा टाकला असं मी म्हणत नाही, ती विमानं वेगळी होती. पण ज्यांनी टाकला त्यांच्या म्होरक्याने ऑस्ट्रेलियात ज्या विमानांवर काम केलं, त्यांत देपर्दुसाँ होतं.

---

जुनी_वही

जात्याच्या दगडांचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. साताऱ्याचा_गडी, कुतवर स्वतंत्र धागा काढाच.

---

सुतारपक्षी

+१. आणि दूरवारा, स्पॅडचं राहिलं. तिथे हेच कवचाचं धड वापरलं का? युद्धात हजारो विमानं करायची तर हे काम परवडलं कसं?

---

दूरवारा

परवडलं नाही, म्हणून वापरलं नाही.

१९१४ मध्ये ब्लेरिओच्या पुढाकाराने काही भांडवलदारांनी कंपनी विकत घेतली. कंपनीच्या फ्रेंच नावाची 'स्पॅड' ही आद्याक्षरं तशीच ठेवून नावातला देपर्दुसाँ काढून टाकला. बेशरो राहिला. त्याची पहिली कल्पना विचित्र होती: मशीनगनवाल्याला पंख्याच्याही पुढे, एका डब्यात बसवायचं. मागे पंखा गरगरतोय आणि हा समोर टांगलेला. विमान नाकावर आदळलं तर त्याची धडगत नव्हती. ती विमानं फार चालली नाहीत.

मग १९१६ चं 'स्पॅड ७'. मार्क बिर्किग्टचं नवं हिस्पानो-सुइझा इंजिन आलं होतं, आठ सिलिंडरचं, पाण्याने गार होणारं, न फिरणारं. बेशरोने त्याच्याभोवती दुपंखी, दणकट, साधं विमान बांधलं. धड पुन्हा जुन्या पद्धतीचं: लाकडी चौकट, तारा, वर कापड. कारण युद्धात दहा वेगवेगळ्या कारखान्यांत, नव्याने शिकलेल्या कामगारांकडून तेच विमान हजारोंनी निघायला हवं होतं. स्पॅड ७ फ्रान्समध्येच साडेतीन हजारांच्या आसपास बनलं, त्यानंतरचं स्पॅड १३ आठ हजारांवर. फ्रान्सचा नामांकित लढाऊ वैमानिक गिनमेर याने हीच विमानं उडवली, अमेरिकेच्या रिकनबॅकरने स्पॅड १३. इटलीचा बराक्काही स्पॅडवर लढला. त्याच्या विमानावरचा उधळलेला घोडा पुढे त्याच्या आईने एन्झो फेरारीला दिला. १९२१ मध्ये स्पॅड ब्लेरिओच्या कंपनीत विरघळलं.

झ्यूल वेद्रिनचं राहिलं. जानेवारी १९१९ मध्ये पॅरिसच्या गॅलरी लाफायेत या दुकानाच्या गच्चीवर त्याने विमान उतरवलं. तीनच महिन्यांत दुसऱ्या एका उड्डाणात इंजिन बंद पडून तो गेला.

कवचाच्या धडाची गोष्ट मात्र फ्रान्सबाहेर पुढे गेली. जर्मनांच्या अल्बाट्रॉस लढाऊ विमानांना प्लायवूडचं कवच होतं, आत थोडी चौकट ठेवून. १९२७ च्या लॉकहीड व्हेगाचं धड काँक्रीटच्या साच्यात दोन अर्धी कवचं दाबून बनवायचे. आणि १९४० मध्ये ब्रिटनचं मॉस्किटो हे लाकडी लढाऊ विमान आलं.

---

सुतारपक्षी

मॉस्किटोचं मी वाचलं आहे! मधे बाल्साचा थर, दोन्ही बाजूंना बर्चचं प्लाय, दोन अर्धे भाग. आत वायरी-नळ्या बसवायच्या आणि मग शिवण जोडायची. अर्धं धड उघडं असताना आत हात घालून काम करता येतं, हा याचा मोठा फायदा. फर्निचरचे कारखाने हे काम करत होते युद्धात. साचा वेगळा, सरस वेगळा, पण तीस वर्षांपूर्वी ग्रेनेलमध्ये जे केलं तीच रीत.

---

ठाणेकरीण

हे प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल? पुढच्या वर्षी युरोपला जायचं चाललं आहे.

---

दूरवारा

शर्यतीचं मोनोकोक पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावरच्या विमान संग्रहालयात आहे. जवळून बघा, विशेषतः नाकाकडची टोपी आणि धडाचा शेपटीकडे निमुळता होत गेलेला भाग.

इंग्लंडला जाणार असाल तर बेडफर्डशरमध्ये ओल्ड वॉर्डन इथे शटलवर्थ संग्रह आहे. तिथलं देपर्दुसाँ १९१० चं, तीन सिलिंडरच्या अँझानी इंजिनाचं, पंख पिळून चालणारं. कंपनी बुडाल्यावर ते एका स्थानिक माणसाने घेतलं होतं, १९३५ मध्ये रिचर्ड शटलवर्थकडे आलं आणि दुरुस्त झालं. ते अजून चालू स्थितीत आहे. वारा पूर्ण पडलेला असला तर संध्याकाळी त्याला धावपट्टीवर आणतात आणि जमिनीलगत छोटी उडी मारू देतात. उन्हाळ्यातल्या हवाई प्रदर्शनाच्या तारखा आधी बघून ठेवा, आणि शेवटपर्यंत थांबा, कारण अशी नाजूक विमानं दिवसाच्या अखेरीसच काढतात.